केल्प शेजारून येते, अर्चिन लांबून येतात: खडकाळ समुद्रतळावरील नवभरतीविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एकाच खडकाळ किनाऱ्यालगत, सारख्याच खोलीवर आणि एकमेकांपासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर असलेल्या दोन जागी तुम्ही तीन वर्षे चौकटी टाकून मोजणी केली. एका जागी केल्पचे, म्हणजे मोठ्या तपकिरी समुद्रशैवलाचे, दाट वन आहे, तर दुसऱ्या जागी अर्चिननी (गोल, काटेरी समुद्रप्राण्यांनी) कुरतडून ठेवलेला गुलाबी, उजाड खडक. उजाड जागेवरचे अर्चिन पाणबुड्यांकडून काढून घेतले, तरी वर्षभरात तिथे केल्प आले नाही. उलट बोटाच्या पेराएवढे अर्चिन मात्र पुन्हा दिसू लागले. तेव्हा तळावरच्या या जीवसमूहाची घडण चरण्याने आणि भक्षणाने ठरते, की नव्या जीवांच्या आवकीने, असे तुम्ही विचारता.

माझ्या मते ही दोन कारणे एकमेकांसमोर उभी केली की उत्तर हाती लागत नाही. तुमच्या खडकावरच्या दोन प्रमुख जीवांची पुढची पिढी दोन अगदी वेगळ्या अंतरांवरून येते. केल्पची संतती बहुतांशी शेजारून, काही मीटरांवरून येते. अर्चिनची संतती कित्येक आठवडे समुद्रात वाहत राहून दूरवरून येते. त्यामुळे केल्प नाहीसे झाले की त्याची आवकही आटते, पण अर्चिन काढून टाकले तरी त्यांची आवक आटत नाही. तुम्हाला जे दिसले ते बऱ्याच अंशी या विषमतेतून आले आहे. मात्र तिथवर पोहोचण्याआधी आवक म्हणून आपण नेमके काय मोजतो, हे स्पष्ट करून घ्यायला हवे.

समुद्रतळावरच्या बहुसंख्य अपृष्ठवंशी प्राण्यांचे आयुष्य दोन भागांत विभागलेले असते. अंड्यातून बाहेर पडतो तो डिंभ, म्हणजे प्रौढाशी रूपाने काहीही साम्य नसलेली तरंगती अवस्था. वसाहत करून राहणाऱ्या अनेक समुद्रपिचकाऱ्यांचे (खडकाला चिकटलेल्या पिशवीसारख्या प्राण्यांचे) डिंभ काही मिनिटे ते काही तासच पोहतात, अ‍ॅबालोनचे (ही एक मोठी समुद्री गोगलगाय) साधारण आठवडाभर, आणि जांभळ्या अर्चिनचे काही आठवड्यांपासून दोन-तीन महिन्यांपर्यंत. त्यानंतर डिंभ तळावर उतरतो, पृष्ठभाग पसंत करतो आणि रूपांतर पावून प्रौढासारखे जीवन सुरू करतो. याला आपण स्थिरावणे म्हणू. स्थिरावलेल्यांपैकी जे काही काळ टिकून मोजणाऱ्याच्या नजरेस पडण्याइतके वाढतात, ती नवभरती. या दोहोंमध्ये प्रचंड गळती असते, कारण नुकते स्थिरावलेले जीव इतके लहान आणि मऊ असतात की खेकडे, किडे, लहान गोगलगायी आणि साचणारा गाळ यांपैकी कशानेही ते पहिल्या काही दिवसांतच संपतात. जोसेफ कॉनेल यांनी १९८५ मध्ये या दोन गोष्टी वेगळ्या मोजण्याचा आग्रह धरला. वर्षातून एकदा चौकट टाकणाऱ्याला फक्त नवभरती दिसते. ती कमी आली तर डिंभ पोहोचलेच नाहीत, की पोहोचून मेले, हे त्या आकड्यावरून कळत नाही. तुमच्या मोजणीची अडचण नेमकी इथे आहे.

या विषयाचा इतिहासही याच अडचणीभोवती फिरतो. कॉनेल यांनीच १९६१ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर दाखवले होते की बार्नॅकलच्या, म्हणजे खडकाला कायमच्या चिकटणाऱ्या लहान कवचधारी प्राण्याच्या, दोन जातींपैकी एक दुसरीला चेपून, खालून उचकटून बाजूला सारते आणि त्यामुळे खडकावर त्यांचे वेगवेगळे पट्टे पडतात. रॉबर्ट पेन यांनी वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर १९६३ पासून तारामासे काढून टाकले, तेव्हा मसल जातीच्या शिंपल्यांनी जागा बळकावली आणि त्या पट्ट्यातील जातींची संख्या १५ वरून ८ वर आली. दोन्ही प्रयोग आजही तितकेच भक्कम आहेत. पण दोन्ही ठिकाणी डिंभांचा पुरवठा भरपूर होता, ही अट बराच काळ न बोलता गृहीत धरली गेली. मध्य कॅलिफोर्नियात स्टीव्हन गेन्स आणि जोन रफगार्डन यांनी १९८५ मध्ये दाखवले की जिथे बार्नॅकल कमी संख्येने स्थिरावतात तिथे खडक कधी भरतच नाही, जागेसाठी झगडा होत नाही, आणि प्रौढांची संख्या जवळजवळ आवकीच्याच प्रमाणात राहते. जिथे आवक दाट असते तिथे मात्र गर्दी होते, तारामासे ओढले जातात आणि संख्या वरखाली होत राहते. म्हणजे स्पर्धा आणि भक्षण हे नियम सगळीकडे तेच असतात, पण ते लागू होतील की नाही हे बरेचसे पुरवठा ठरवतो. हा निष्कर्ष मला या क्षेत्रातील सर्वांत उपयोगी निष्कर्षांपैकी एक वाटतो, कारण एका किनाऱ्यावर सिद्ध झालेला प्रयोग दुसऱ्या किनाऱ्यावर का फसतो याचे उत्तर त्यात आहे.

डिंभ केवळ पाण्याने आणून टाकलेला कण नसतो, हेही लक्षात ठेवावे. बार्नॅकलचा डिंभ सहा पोहत्या अवस्था पार केल्यावर सायप्रिड नावाच्या शेवटच्या अवस्थेत येतो. सायप्रिड काहीही खात नाही. साठवलेल्या मेदावर त्याला जागा शोधायची असते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर तो दोन शृंगिकांवर (डोक्यावरच्या स्पर्शिकांवर) अक्षरशः चालतो, एक टेकवतो, दुसरी उचलतो, थांबतो, वळतो, मागे येतो, आणि प्रत्येक पावलागणिक पृष्ठभागावर प्रथिनाचा सूक्ष्म ठसा सोडतो. स्वजातीच्या प्रौढांच्या कवचातील प्रथिन सापडले की त्याच्या फेऱ्या लहान होतात आणि शेवटी तो तिथेच डोक्याकडून कायमचा चिकटतो. अ‍ॅबालोनचे डिंभ चुनखडीयुक्त गुलाबी शैवलाच्या थरावरील रासायनिक खुणेने स्थिरावतात. तुमचा उजाड खडक ज्या गुलाबी थराने झाकलेला आहे तो हाच, आणि अनेक अर्चिनचे डिंभही त्याला चांगला प्रतिसाद देतात. म्हणजे अर्चिननी चरून उघडा ठेवलेला पृष्ठभाग पुढच्या पिढीच्या अर्चिनसाठी स्वागताचा ठरू शकतो.

आता केल्पकडे वळू, कारण तुमच्या प्रश्नाचा कठीण भाग तिथे आहे. आपल्याला दिसते ते उंच, पानांचे केल्प ही त्याच्या जीवनचक्राची अर्धीच बाजू आहे. या बीजाणुउद्भिदावर, म्हणजे बीजाणू देणाऱ्या अवस्थेवर, दोन कशाभिका (पोहण्याचे चाबकासारखे धागे) असलेले, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान बीजाणू तयार होतात. जायंट केल्पमध्ये ते बुडख्याजवळच्या खास पात्यांवर, म्हणजे तळालगतच सुटतात. बुल केल्पमध्ये तर बीजाणूंनी भरलेला पात्याचा तुकडाच गळून तळाकडे बुडतो. बीजाणू खडकावर बसून त्यापासून नर किंवा मादी युग्मकोद्भिद, म्हणजे शुक्राणू किंवा अंडी देणारी सूक्ष्म अवस्था, तयार होतो, जो डोळ्यांना दिसत नाही. मादीचे अंडे पक्व झाले की ती लॅमॉक्सिरीन हे संप्रेरकासारखे द्रव्य सोडते, त्याने नराचे शुक्राणू काही सेकंदांत बाहेर फेकले जातात आणि त्याच खुणेने ते अंड्याकडे ओढले जातात. पण हे आकर्षण मिलिमीटरभराच्या अंतरातच काम करते. म्हणून जायंट केल्पच्या बाबतीत डॅनियल रीड यांच्या प्रयोगांतून असे दिसले की दर चौरस मिलिमीटरला किमान एखादा बीजाणू बसला नाही तर नवे केल्प जवळपास उगवतच नाही.

याचा व्यावहारिक अर्थ फार मोठा आहे. एखादा बीजाणू प्रवाहाबरोबर किलोमीटरभर जाऊ शकतो, आणि मोठ्या वनातून वादळाच्या वेळी भरपूर बीजाणू सुटले तर ते तसे जातातही. पण अंतर वाढेल तसे ते विरळ होत जातात आणि एकटा पडलेला बीजाणू प्रजननाच्या दृष्टीने वाया जातो. तेव्हा 'अर्ध्या किलोमीटरवर वन आहे, म्हणजे बी येतच असणार' हे गृहीतक केल्पला लागू होत नाही. वनाच्या कडेपासून काही डझन मीटरांपलीकडे नवभरती झपाट्याने घटणे हीच नेहमीची स्थिती आहे.

बीजाणू पुरेसे बसले तरी पुढे खिडकी उघडी असावी लागते. दक्षिण कॅलिफोर्नियात जायंट केल्पवर झालेल्या कामातून असे दिसले की युग्मकोद्भिदांपासून नवे केल्प उगवण्यासाठी तळाशी पुरेसा प्रकाश आणि सुमारे १६ अंश सेल्सिअसखालचे तापमान, ही दोन्ही एकाच वेळी मिळावी लागतात. तिथे गार पाणी म्हणजे खालून वर आलेले, नायट्रेटने समृद्ध पाणी. त्यामुळे तापमान हे पोषणाचेही सूचक ठरते. प्रकाश अपुरा असला तर युग्मकोद्भिद प्रजनन न करता नुसते टिकून राहू शकतात, विशेषतः निळा प्रकाश मिळाला नाही तर. गाळाचा पातळ थर हे तितकेच मोठे संकट आहे: बीजाणू खडकाऐवजी गाळाच्या कणाला चिकटतो आणि पुढच्या लाटेबरोबर निघून जातो. अर्चिन हटवल्यावर तुमच्या खडकावर बुटक्या, केसाळ शैवलाची गादी पसरली असेल आणि तिने गाळ धरून ठेवला असेल, तर केल्पसाठी ती जागा मोकळी झालेलीच नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात २०११ च्या सागरी उष्णतेच्या लाटेनंतर एक्लोनिया केल्प किनाऱ्याच्या सुमारे १०० किलोमीटरच्या पट्ट्यातून गेले, त्याची जागा अशाच गादीने घेतली, आणि पाणी पुन्हा गार झाल्यावरही वन परतले नाही. तिथे उष्ण कटिबंधातील शाकाहारी माशांच्या चरण्याचीही त्यात भर पडली.

अर्चिनची गोष्ट याच्या उलट. मादी लाखो अंडी पाण्यात सोडते आणि डिंभ प्लवकांबरोबर वाहतात. एवढ्या काळात ते कुठून कुठे जातील हे वारे, अपवेलिंग (खोल, गार पाणी वर येणे), भूशिरांपाशी बाहेर वळणारे प्रवाह आणि पाण्याच्या थरांमधून जाणाऱ्या अंतर्गत लाटा ठरवतात. जेसस पिनेडा यांनी १९९१ मध्ये दाखवले की अंतर्गत भरतीच्या लाटा डिंभांना किनाऱ्याकडे आणतात. साहजिकच एखाद्या खडकावरच्या अर्चिनची आवक त्या खडकावरच्या प्रौढांवर फारशी अवलंबून नसते. दक्षिण कॅलिफोर्नियात १९९० पासून पाण्यात टांगलेल्या घासण्याच्या ब्रशांवर अर्चिनचे स्थिरावणे मोजले जाते. त्या दीर्घ नोंदीत एल निनोच्या, म्हणजे प्रशांत महासागर असामान्य तापण्याच्या, काळात आवक घसरलेली दिसते आणि ती वर्षावर्षाला कमालीची बदलते. प्रौढ काही दशके जगू शकतो, त्यामुळे एखादे भरघोस वर्ष पुढची कित्येक वर्षे तळावर आपली छाप ठेवते. तुमचे पेराएवढे अर्चिन मात्र त्याच वर्षी आलेले असतील असे समजू नका. ते बहुधा तुम्ही खडक साफ केला तेव्हाही तिथेच, फटींत, दगडांखाली किंवा मोठ्या अर्चिनच्या काट्यांच्या आडोशाला होते. लाल अर्चिनची पिल्ले प्रौढांच्या काट्यांखाली आसरा घेतात, हे मिया टेग्नर आणि पॉल डेटन यांनी १९७७ मध्ये दाखवले आहे. मोठे उचलताना लहान मागे सुटणे ही अर्चिन हटवण्याच्या कामातील नेहमीची उणीव आहे.

संख्या आणि परिणाम यांचे नातेही सरळ नसते. केल्पची तुटलेली पाती भरपूर वाहत येत असतात तेव्हा अर्चिन फटीत बसून आयते अन्न धरतात आणि उभ्या केल्पला फारसा उपद्रव देत नाहीत. हा पुरवठा कमी पडला की तितकेच अर्चिन बाहेर पडून खडकावर फिरू लागतात. सॅन निकोलस बेटावरील निरीक्षणांत १९८० च्या दशकात हे स्पष्ट झाले. एकदा वन उजाड झाले की उपाशी अर्चिन वाढ जवळजवळ थांबवून वर्षानुवर्षे तग धरतात, त्यांच्या जननग्रंथी आक्रसतात पण ते मरत नाहीत, आणि उगवणारे प्रत्येक कोवळे केल्प खाऊन टाकतात. जगभरच्या खडकांची तुलना केली असता असे आढळले की वन उजाड करायला जितके अर्चिन लागतात, त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यापर्यंत ते खाली आणल्याशिवाय वन परत येत नाही. तेव्हा 'निम्मे अर्चिन काढले' ही मोठी मेहनत असली तरी केल्पच्या दृष्टीने तिचा परिणाम शून्य असू शकतो. नोव्हा स्कॉशियात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस अमीबाजन्य रोगाने अर्चिन जवळजवळ पूर्ण नष्ट झाले, तेव्हा काही वर्षांतच केल्प परतले.

उत्तर कॅलिफोर्नियात या सगळ्या गोष्टी एकावर एक आल्या. २०१३ पासून तारामाशांच्या झिजून मरण्याच्या रोगाने अर्चिन खाणारा सूर्यफूल तारामासा जवळपास नाहीसा झाला, २०१४ ते २०१६ या काळात समुद्र असामान्य उष्ण राहिला, आणि सुमारे ३५० किलोमीटरच्या किनाऱ्यावर बुल केल्पचे ९० टक्क्यांहून अधिक क्षेत्र गेले. उपासमारीने अ‍ॅबालोन इतके मेले की लाल अ‍ॅबालोनची हौशी मासेमारी २०१८ मध्ये बंद करावी लागली. बुल केल्प मुख्यतः एका वर्षाचेच आयुष्य जगते, त्यामुळे एका हंगामात बीजाणू न सुटणे म्हणजे पुढच्या वर्षीचे वन हातचे जाणे. या घटनेचे कारण एकाच शब्दात सांगा असा आग्रह धरणाऱ्यांना मी नेहमी या कालक्रमाकडे बोट दाखवतो. टास्मानियाच्या पूर्व किनाऱ्याचे उदाहरण वेगळे, आणि मुख्यतः आवकीचे आहे: सेंट्रोस्टेफॅनस अर्चिनच्या डिंभांना सुमारे १२ अंशांखाली वाढता येत नाही; पूर्व ऑस्ट्रेलियाच्या प्रवाहाची पोहोच दक्षिणेकडे वाढली, हिवाळ्यातले पाणी या मर्यादेवर राहू लागले, आणि तिथे १९७८ मध्ये प्रथम नोंदलेली ही जात उजाड खडक तयार करू लागली. मोठ्या आकाराचे लॉबस्टर, जे या अर्चिनला खाऊ शकतात, मासेमारीने आधीच कमी झालेले होते.

उलट दिशेने, वन उभे असेल तर ते स्वतःच इतरांची नवभरती बदलते. त्याच्या सावलीत लहान शैवले दबतात आणि खडकावर स्पंज, ब्रायोझोआ (वसाहती करणारे सूक्ष्म प्राणी), समुद्रपिचकाऱ्या अशा स्थिर प्राण्यांना जागा मिळते. छत्र काढले की शैवले वाढून हे प्राणी मागे पडतात. वनात राहणारी रॉकफिशची पिल्ले किनाऱ्याकडे निघालेले बार्नॅकलचे डिंभ खातात. गेन्स आणि रफगार्डन यांनी १९८७ मध्ये दाखवले की यामुळे किनाऱ्यावरची बार्नॅकलची नवभरती मासे नसतानाच्या पन्नासाव्या हिश्श्यापर्यंत घसरू शकते. कधी आलेला प्राणीच वनाला मोडतो: मेम्ब्रॅनिपोरा नावाचा ब्रायोझोआ वायव्य अटलांटिकमध्ये १९८० च्या दशकात शिरला, तो केल्पच्या पात्यांवर पांढऱ्या जाळीसारखा पसरतो, पाते ठिसूळ होते आणि वादळात तुटते.

काळाच्या मापाविषयी एक उदाहरण दिल्यावाचून राहवत नाही. अंटार्क्टिकातील मॅकमर्डो साउंडमध्ये डेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ ते १९७५ दरम्यान पाण्याखाली कृत्रिम पृष्ठभाग ठेवले. त्यांवर काचस्पंजाच्या एका मोठ्या जातीची नवभरती बावीस वर्षे दिसलीच नाही. २००४ आणि २०१० मधल्या पाहणीत मात्र ती आढळली. तीन वर्षांच्या प्रकल्पात ही जात 'प्रजनन न करणारी' ठरली असती. तुमची तीन वर्षे कमी लेखण्याचा हेतू नाही, पण 'केल्प आले नाही' या नोंदीला तुम्ही किती वजन देता, हे यावरून ठरवावे.

आता तुमच्या खडकावर काय करावे. मोजणी तीन थरांत करा. पहिला थर स्थिरावण्याचा: अर्चिनसाठी ताठ केसांचे ब्रश, मसलच्या डिंभांसाठी भांडी घासण्याच्या प्लॅस्टिकच्या जाळीदार घासण्या, बार्नॅकलसाठी खरबरीत पट्टी लावलेल्या पाट्या, आणि हे सर्व एक-दोन आठवड्यांनी बदलत राहा. ब्रश वर आणताना पाण्यातच पिशवीत बंद करा, कारण नुकते स्थिरावलेले अर्चिन अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतात आणि वर खेचताना धुऊन जातात. प्रयोगशाळेत ब्रश गोड्या पाण्यात झटकून बारीक चाळणीवर धुवा आणि अवशेष सूक्ष्मदर्शकाखाली निवडा. जातींमधला फरक या आकारात काटे आणि नलिकापादांवरूनच कळतो, आणि नजर तयार व्हायला वेळ लागतो. दुसरा थर लपलेल्या पिल्लांचा: विटांच्या तुकड्यांनी भरलेले पिंजरे तळावर ठेवून ते वेळोवेळी उपसा, कारण उघड्या चौकटीत दोन सेंटिमीटरखालचे अर्चिन जवळजवळ मोजलेच जात नाहीत. तिसरा थर तुमची नेहमीची चौकट, पण प्रत्येक अर्चिनचा व्यास नोंदवून; आकारांच्या आलेखात वेगवेगळे उंचवटे दिसले तर आवक अधूनमधून लाटांनी येते आहे, आणि लहान आकार कायमच गैरहजर असतील तर गळतीचा संशय घ्या.

केल्पसाठी उजाड जागेत चार प्रकारचे तुकडे आखा: अर्चिन काढलेला, बीजाणूधारी पाती जाळीच्या पिशवीत बांधून तळाशी ठेवलेला, दोन्ही केलेला, आणि काहीच न केलेला. प्रत्येक प्रकाराचे अनेक तुकडे घ्या, ते एकमेकांपासून दूर ठेवा, आणि निम्म्यांतील केसाळ शैवलाची गादी खरवडून काढा. फक्त पाती ठेवलेल्या आणि फक्त अर्चिन काढलेल्या तुकड्यांत काही उगवले नाही, पण दोन्ही केलेल्यांत उगवले, तर चरणे आणि पुरवठा दोन्ही आड येत होते. अर्चिन काढलेल्या तुकड्यांत पात्यांशिवायच उगवले, तर तुमचे मूळ अपयश बहुधा हंगामाचे होते. पाती ठेवण्याची वेळ तापमापकावरून ठरवा, दिनदर्शिकेवरून नव्हे: तळाशी तापमान आणि प्रकाश नोंदणारी उपकरणे आधीच बसवा, आणि अर्चिन हटवण्याचे काम गार पाणी येण्यापूर्वी, फटींतील पिल्लांसह, दोन-तीन फेऱ्यांत पूर्ण करा.